टोली, दमडी आणि पैसा

धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात येथील कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे. तेरच्या मातीत सातवाहनांची नाणी सापडली आहेत. पुढे निजामी अमलात या मुलखात हाली शिक्का चालला. त्याच्या एका रुपयाच्या १९२ पै होत. १९५७ साली नवा पैसा आला आणि ३० जून २०११ पासून पंचवीस पैशांपर्यंतची सारी नाणी चलनातून बाद झाली. राजमुद्रेने दिलेले मोल राजाज्ञेने काढून घेतले.

त्याच पहिल्या शतकात यरुशलेमच्या मंदिरात एका गरीब विधवेने दोन टोल्या टाकल्या. त्या दानाचे मोल मात्र कोणालाही काढून घेता आले नाही. कारण प्रभू येशूने दिले किती हे पाहिले नाही, मागे उरले किती हे पाहिले.

आज पैसा गेला. पैशाएवढेच देऊ शकणारा मनुष्य गेलेला नाही. मिस्सामध्ये मूठ झाकून एखादे नाणे थैलीत सोडणारी म्हातारी आम्ही पाहतो आणि तिच्या श्रद्धेचे कौतुक करतो. परंतु संत मार्कच्या शुभवर्तमानात या प्रसंगाच्या लगेच आधी विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांचा धिक्कार आहे, हे आम्ही विसरतो. तिने सर्वस्व दिले; मग त्या रात्री तिच्या चुलीचे काय झाले? तिचे दान स्वीकारणाऱ्या आम्हां सर्वांना या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल.