दोन पुस्तके, एक मेज

माणूस गेला की त्याच्याशी चाललेला वाद मिटतो, असे आपण धरून चालतो. ते खरे नाही. वाद उरतोच, फक्त उत्तर देणारा उरत नाही. अशा उरलेल्या वादाचे करावे काय?

हॉलंडमधील न्यूनेन गावचे पाद्री थिओडोरस व्हॅन गॉग २६ मार्च १८८५ रोजी अकस्मात वारले. त्यांचा चित्रकार मुलगा व्हिन्सेंट चारच दिवसांनी बत्तीस वर्षांचा व्हायचा होता. १८८१ च्या नाताळात चर्चला जाण्यावरून दोघांचा कडाक्याचा खटका उडून मुलगा घराबाहेर पडला होता. त्याच्या हातातली फ्रेंच पुस्तके तर वडिलांना बिघडवणारीच वाटत.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात व्हिन्सेंटने एका दिवसात एक वस्तुचित्र रंगविले. ते आज आम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे. मेजावर वडिलांचे भलेथोरले बायबल उघडे. शेजारी विझलेली मेणबत्ती. आणि पुढे कडेला झोलाची ‘जगण्याचा आनंद’ या अर्थाच्या नावाची, हाताळून जीर्ण झालेली पिवळी कादंबरी.

कोणी म्हणेल, हा जुन्याचा पराभव आहे. मला तसे वाटत नाही. पराभवच दाखवायचा, तर बायबल मिटलेले रंगविता आले असते. मिटलेली आहे ती मुलाची कादंबरी! आणि बायबल उघडले आहे ते यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायावर. लोकांनी अव्हेरलेल्या, दुसऱ्यांची दुःखे वाहणाऱ्या सेवकाचे वर्णन तिथे आहे. झोलाची पोलीनही आपले सारे इतरांसाठी वेचते आणि तरी कडवट होत नाही. म्हणजे बापलेक दोन निरनिराळ्या पुस्तकांतून बहुधा एकाच माणसाचा शोध घेत होते.

व्हिन्सेंटने आपले मत सोडले नाही आणि वडिलांचे पुस्तक मिटले नाही. आदर म्हणजे होकार नव्हे. पण नुसते गप्प राहणे हाही आदर नव्हे.

चुटपुट लागते ती एवढीच, की दोन्ही पुस्तके एका मेजावर आली तेव्हा वडिलांना जाऊन सात महिने होत आले होते. दिवाळीच्या फराळाला आपणही एकत्र बसतो आणि वाद नको म्हणून हवापाण्याच्या गोष्टी करून उठतो. त्यापेक्षा आपले पुस्तक वडिलांच्या पोथीशेजारी आणून ठेवावे. वडील समोर बसले आहेत तोवरच.