आजीची पैठणी

गेल्या लक्ष्मीपूजनाला लेकीने पेटीतून माझ्या आजीची नऊवारी पैठणी काढली. १८९४ साली मुंबईत निघालेल्या रविवर्म्याच्या छापखान्याने घरोघर पोचवलेली चित्रे डोळ्यांपुढे ठेवून नथ, तन्मणी, खोप्यावर वेणी असा साज तिने जमवला. “कशी दिसते, बाबा?”

मी क्षणभर गप्प. पंचविशीत वैधव्य आले आणि आजीची नथ उतरली. ही पैठणी तिने पुन्हा नेसली नाही. वाचकहो, जुन्या काळाचे सौंदर्य तेवढे घ्यावे आणि दुःख पेटीतच ठेवावे, हे न्यायाचे का? पण पैठणी घडीवरच विरू दिली, तर विजय रूढीचाच!

मी लेकीला सारे सांगितले. तिने नथ काढली नाही; पदर मात्र हलक्या हाताने सावरला. वारसा असाच नेसावा: हौसेने, पण जाणून.