विकत घेतलेलं, पण आपलं नसलेलं

परवा मामेभाऊ म्हणाला, "दादा, तुझा खेळून झालाय ना तो गेम? मग मला देऊन टाक." माझ्या खात्यात साठेक गेम आहेत, सगळे पैसे मोजून घेतलेले. त्यातला एकही देऊन टाकता येईना. शाळेत असताना मात्र एकच सीडी अख्ख्या बिल्डिंगमध्ये फिरायची. ओरखडे पडून का होईना, परत यायची.

डाउनलोड मलाही आवडतं. दुकान गाठायला नको, सेलमध्ये स्वस्त. पण 'बाय'चं बटण दाबून आपल्याला मिळतो तो वापरण्याचा परवाना. कॅलिफोर्नियात २०२५पासून विक्रेत्याने हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं, असा कायदाच आहे.

मग डिस्क घेतली की प्रश्न मिटला? तसंही नाही. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा गेम २०१४ साली आला. ३१ मार्च २०२४ला त्याचे सर्व्हर बंद झाले आणि डिस्क हातात असलेल्यांचाही खेळ संपला.

म्हणजे खरा प्रश्न परवानगीचा आहे. मी कोड लिहितो. परवानगी तपासणाऱ्या चार ओळी किती साध्या दिसतात, हे मला ठाऊक आहे. त्याच ओळी विकत घेणाऱ्याला भाडेकरू करून ठेवतात. जी वस्तू कुणाला न विचारता दुसऱ्याला देता येते, तीच आपली, असं मला वाटतं.

शेवटी भावाला पासवर्ड दिला. अटींनुसार तेही चूकच. सीडी देताना इतकं चोरट्यासारखं कधी वाटलं नव्हतं.