मधमाशी, सूर्य आणि आपले पासबुक

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



आमच्या गोंदिया भागात दत्तजयंती मोठ्या सुखाच्या दिवसांत येते. मार्गशीर्ष पौर्णिमेपर्यंत धान कापून, मळून घरी आलेले असते. राइस मिली सुरू असतात, बाजारात वर्दळ असते आणि ज्याच्या हाती वर्षाचे चार पैसे यायचे, त्याच्या हाती ते आलेले असतात. आपण पाळण्याची दोरी ओढतो, सुंठवडा घेतो, महाप्रसादाच्या पंगतीला बसतो. पंगतीत बसल्यावर जुना विषय हमखास निघतो. ज्याच्याजवळ आहे, त्याने ते दुसऱ्यासाठी खर्च करावे का? कोणी म्हणतो, करायलाच पाहिजे. कोणी म्हणतो, का म्हणून? कष्ट आम्ही केले, सरकारला कर भरला, आता आमचे आम्हाला सुखाने खाऊ द्या.

मी काही कीर्तनकार किंवा शास्त्री नाही. बी. कॉम. झालो आणि उभा जन्म बँकेच्या काउंटरमागे काढला. दुसऱ्यांचे पैसे मोजता मोजता जे सुचले आणि सेवानिवृत्तीनंतर पोथी वाचताना जे उमगले, ते आपल्यापुढे ठेवतो. शेवटी माझी स्वतःची एक चूकही सांगणार आहे. ती सांगितल्याशिवाय या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही.

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आणि यदुराजा यांचा संवाद आहे. नाथमहाराजांनी तो मराठीत किती विस्ताराने उलगडला, हे आपण जाणताच. राजा विचारतो, तुझ्याजवळ काही नाही, तरी तू एवढा आनंदात कसा? अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. त्यात मधमाशी आहे आणि सूर्यही आहे. आपल्या प्रश्नाचे उत्तर मला या दोघांत सापडले.

मधमाशी काय करते? फुलाफुलावरून थेंब थेंब आणते, पोळे भरते. साठवत राहते, कोणाला देत नाही. एके रात्री धूर होतो, पोळे कापले जाते आणि मध भलताच कोणी घेऊन जातो. मध नेणाऱ्यालाही अवधूताने गुरू मानले आहे. कारण धन साठवून जो ना देतो ना भोगतो, त्याचे शेवटी असेच होते हे त्याने शिकवले. नागझिरा-नवेगावच्या रानाजवळ राहणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

मी हे पोळे बँकेत पाहिले आहे. आयुष्यभर अंगावर धड सदरा न घातलेला माणूस जातो, मागे ठेवींच्या पावत्या निघतात, नामनिर्देशन केलेले नसते. मुले एकमेकांशी बोलेनाशी होतात आणि वारसाचे कागद जुळवत काउंटरवर उभी राहतात. काही ठेवींना तर कोणी विचारायलाच येत नाही. दहा वर्षे ज्या खात्याला हात लागला नाही, त्याचे पैसे २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. वारस आला तर ते परत मिळतात, पण येतो तेव्हा. थेंब थेंब आणणारी माशी कधीच गेलेली असते.

आता सूर्य पाहा. तोही घेतो. वैशाखात आपल्या बोड्या, नाले, विहिरी आटवून टाकतो. पण मृग लागला की तेच पाणी परत देतो. जिथून घेतले नेमके तिथेच देईन, ज्याने मागितले त्यालाच देईन, असा हिशेब तो ठेवत नाही. वेळ आली की देतो, आणि देऊन त्याचे तेज कमी होत नाही. अवधूत म्हणतो, घ्यावे आणि योग्य वेळी द्यावे, दोन्हीत अडकू नये.

इथे एक खुलासा करतो. उद्यासाठी काही ठेवू नये, ही शिकवण भिक्षूसाठी आहे. गृहस्थाने साठवलेच पाहिजे. मुलीचे लग्न, म्हातारपणाचे औषधपाणी, कोरडे वर्ष, यासाठी गाठीला हवे. साठवणे हे पाप नाही. साठवलेल्याला बाहेर पडायची वाट न ठेवणे, हे मात्र पाप आहे.

याचे प्रत्यक्ष उदाहरण पाहायचे असेल तर अर्जुनी मोरगाव तालुक्यात नवेगावबांधला जा. आपण तिथे पक्षी पाहायला, सहलीला जातो. पण तो बांध कोणी घातला? अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी. गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखालची जमीन मिळे, म्हणून कोहळी समाजाच्या लोकांनी या भागात तलावच तलाव बांधले. म्हणजे त्यात त्यांचा लाभ होता, हे आपण प्रामाणिकपणे मान्य करू. पण लाभ एकट्याचा राहिला नाही. तलावात पाणी अडवले, आणि पाळीतून ते बाहेर सोडण्यासाठी वाट ठेवली, तिला आपल्याकडे तुडुम म्हणतात. तुडुम उघडले की पाणी सगळ्यांच्या बांध्यांत जाते. जास्तीचे पाणी सांडव्यावरून पुढच्या तलावाला मिळते. आज लोक कोलू पाटलांना कोलासूर देव म्हणून पूजतात, तलावाभोवतीच्या एका टेकडीवर त्यांचे ठाणे आहे. त्या काळात त्यांच्यापेक्षा धनवान माणसे पुष्कळ असतील. त्यांची नावे कोणाला ठाऊक आहेत?

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, आणि आपण त्यांना ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणू लागलो. मालक गेले, मालकी गेली. पाणी अजून धानाला मिळते आहे. पैशाचेही असेच नाही का?

फार मागे कशाला जायचे? आपल्याच गोंदियाचे मनोहरभाई पटेल घ्या. विडीच्या धंद्यात नाव आणि पैसा मिळवलेला माणूस. स्वतःला फारसे शिकायला मिळाले नव्हते. १९५८ साली त्यांनी गोंदिया शिक्षण संस्था उभी केली, आणि ज्या गावांत हायस्कूल म्हणजे परदेश वाटावा, तिथे शाळा-महाविद्यालये निघाली. माझ्यासारख्या पिढीतली कितीतरी मुले त्यामुळे वहीपेन हाती धरू शकली, नाहीतर तेंदूपत्त्याच्या पुड्यात आणि विड्या वळण्यातच त्यांचे दिवस गेले असते. आपल्याला जे मिळाले नाही ते दुसऱ्याच्या मुलाला मिळावे, असे वाटणे हीच श्रीमंती. नुसता पैसा असणे ही फक्त शिल्लक.

कोणी म्हणेल, हे मोठ्यांचे झाले. आम्ही पेन्शनवाले, आम्ही कुठले श्रीमंत? मीही असेच म्हणत होतो. आता माझी गोष्ट ऐका.

नोकरीची शेवटची वर्षे होती. आमच्याकडे भांडी घासायला एक बाई येत. एका सकाळी काम आटोपून त्या दाराशी उभ्या राहिल्या, पदर सावरत म्हणाल्या, “काकाजी, पोरीचा नंबर लागला जी नर्सिंगले. बारा हजार भरा लागते. महिन्याच्या पगारातून कापून घ्या जी.”

माझी तेव्हा चाळीस हजारांची एक मुदत ठेव होती. दहा महिने झाले होते, दोन राहिले होते. मी मनात हिशेब केला. मुदतीआधी मोडली तर एक टक्का व्याज कमी. चाळीस हजारांवर एक टक्का, दहा महिन्यांचे, म्हणजे तीनशे तेहतीस रुपये. हा हिशेब मला कागदाशिवाय जमला, याचा मला तेव्हा अभिमानही वाटला असेल. मी म्हणालो, “बाई, दोन महिने थांबा. ठेव पिकली की देतो.”

त्या “बरं जी” म्हणाल्या आणि गेल्या. सौ. आतून म्हणाली, “अहो, प्रवेश काय दोन महिने थांबणार आहे?” मी पेपर वाचत होतो, वाचतच राहिलो.

प्रवेश थांबला नाही. दोन महिन्यांनी मी खरोखर बारा हजार काढून आणले. बाईंनी ते घेतले नाहीत. म्हणाल्या, “आता कायले जी?” पुढच्या फाल्गुनात मुलीचे लग्न झाले. काही वर्षांनी ती मूल कडेवर घेऊन आईला भेटायला आली, तेव्हा आमच्या घरीही आली. माझ्या पाया पडली. “काकाजी, बरे आहात ना?” एवढेच विचारले. रोवणीच्या दिवसांत लोकांच्या बांध्यांत जाते, असे सौ.ला सांगत होती. तिच्या मनात माझ्याविषयी काही नव्हते, आणि तेच मला जास्त लागले. बारा हजार रुपये माझ्याजवळ होते. मी तिला नाही म्हटले नव्हते, नंतर देतो म्हटले होते. सूर्य आणि मधमाशी यांच्यातला फरक या एका शब्दाचा आहे. सूर्य वेळेवर देतो.

गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायात घेवड्याच्या वेलाची कथा आहे. अमरापूरच्या गरीब ब्राह्मणाच्या दारी एक वेल होता. भिक्षा मिळाली नाही त्या दिवशी घेवड्याच्या शेंगांवर घर चाले. श्री नृसिंहसरस्वती भिक्षेला आले, घरातल्या माउलीने त्यांना घेवड्याचीच भाजी वाढली. महाराज तृप्त झाले आणि जाताना तो वेल उपटून गेले. घरात रडारड झाली. ब्राह्मणाने समजूत घातली, मूळ काढायला गेला, तर खाली द्रव्याने भरलेला कुंभ.

पूर्वी ही कथा वाचताना माझे लक्ष त्या कुंभावर असायचे. आता त्या माउलीवर असते. तिने आधी वाढले. घरात दुसरे काही नसताना वाढले. उद्याचे काय, हा हिशेब केला नाही. आणि महाराजांनी वेल का उपटला असेल, तेही आता थोडे कळते. आपण ज्याला आधार समजून घट्ट धरून बसतो, त्याच्याच मुळाशी कृपा झाकलेली असते. माझा वेल म्हणजे ती चाळीस हजारांची पावती. महाराज दारी आले होते, हातात झोळी नव्हती, पदर होता. मी ओळखले नाही.

आपले दत्तप्रभू रोज कोल्हापूरला भिक्षा मागतात आणि माहूरला निद्रा घेतात, अशी आपली श्रद्धा. त्रैलोक्याचा धनी झोळी घेऊन हिंडतो, तो काय त्याला कमी पडते म्हणून? आपल्याला देण्याची संधी मिळावी म्हणून. मग मागायला येणाऱ्याला आपण खाली पाहून कसे चालेल?

“दिलेले पैसे दारूत जातात हो,” असे नेहमी ऐकतो. जातात कधीकधी. मग हातात देऊ नका. शाळेची फी शाळेत भरा, औषधाचे पैसे दुकानात द्या. गाडगेबाबांनी लोकांकडून मोठमोठ्या देणग्या घेतल्या आणि त्यांच्या धर्मशाळा बांधल्या. स्वतःजवळ चिंध्या आणि फुटके मडके एवढेच ठेवले. कसे द्यावे, याची अक्कल वापरा. पण ती अक्कल न देण्याचे निमित्त होऊ नये.

शेवटी बँकेतलीच एक गोष्ट. तुमच्या पासबुकात जी रक्कम जमा दिसते, तीच बँकेच्या ताळेबंदात देण्याच्या बाजूला लिहिलेली असते. कारण बँकेजवळचा पैसा बँकेचा नसतो, कोणीतरी विश्वासाने ठेवलेला असतो. देवाने तुमच्या-माझ्याजवळ जे ठेवले आहे, ते आपल्या दृष्टीने जमा आहे, पण त्याच्या वहीत ते आपल्याकडून येणे आहे. ही एक नोंद ध्यानात राहिली तर श्रीमंतांनी द्यावे की नाही, हा वाद उरत नाही. आणि श्रीमंत कोण, हेही दुसऱ्याकडे बोट दाखवून ठरवावे लागत नाही.

आम्ही दोघांनी आता एक साधे बचत खाते वेगळे ठेवले आहे. पेन्शनचा थोडा भाग दरमहा त्यात टाकतो. त्याला मुदत नाही, व्याज किती बुडेल हा प्रश्न नाही. दाराशी कोणी आले की तुडुम उघडायचे. रक्कम लहान आहे, त्याने कोणाचा उद्धार होईल असा भ्रम नाही. त्या मुलीची ती एक जागा तर परत मिळणार नाहीच. पण पुढचे कोणी आले, तर “दोन महिन्यांनी या” हे शब्द माझ्या तोंडून जाऊ नयेत, एवढेच श्रीचरणी मागणे आहे.

दत्तजयंतीला पाळणा हलवून घरी गेल्यावर आपणही एकदा आपले पासबुक उघडून बघावे, आणि आपल्या तलावाला तुडुम आहे की नाही ते पाहावे, ही नम्र विनंती.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥