पहिल्या अल्बमला जागा लागते

स्वतंत्र बँडच्या पहिल्या अल्बमविषयी आपल्याकडे लिहिलं-बोललं जातं तेव्हा जिद्दीची गोष्ट हमखास सांगितली जाते. नोकरी सांभाळून केलेला सराव, उसने पैसे, कंपन्यांचे नकार आणि मग एक दिवस हातात आलेला अल्बम. ही गोष्ट खोटी नसते, पण ती अर्धी असते. जिद्दीची पोरं प्रत्येक शहरात असतात. तरी काही शहरांत त्यांचे अल्बम होतात आणि काही शहरांत ती तिशीला आली की गिटार कपाटावर ठेवतात. हा फरक त्या पोरांमुळे पडत नाही, शहरामुळे पडतो, असं माझं मत आहे. ते तपासण्यासाठी मी मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजन या बँडचा पहिला अल्बम निवडतो. त्याचं नाव 'अननोन प्लेझर्स', आणि तो जून १९७९ मध्ये फॅक्टरी रेकॉर्ड्स या नवख्या, स्थानिक लेबलने काढला.

गिरणगाव पाहिलेल्या माणसाला मँचेस्टर फारसं परकं वाटायला नको. मुंबईच्या गिरण्यांतली यंत्रं लँकेशायरहून, ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखान्यांतून येत. पुढे लँकेशायरचं कापड मागे पडलं, त्यात मुंबईच्या गिरण्यांचाही वाटा होता. १९७०च्या दशकात मँचेस्टरमध्ये बंद गिरण्या आणि ओस गोदामं जागोजागी होती. शहर मोडकळीला आलेलं, हातांना काम नाही. पण त्या पडझडीत एक गोष्ट स्वस्त झाली होती, ती म्हणजे जागा. लिटल पीटर स्ट्रीटवरच्या एका जुन्या औद्योगिक इमारतीत बँडना सरावासाठी खोल्या भाड्याने मिळत. थंड, कळकट, पण परवडणाऱ्या. जॉय डिव्हिजनची गाणी तिथे बसली. चौघेही पोटापाण्यासाठी दिवसा काम करत. गायक इयन कर्टिस तर रोजगार कार्यालयात कारकून होता. दिवसाची नोकरी करूनही संध्याकाळी पूर्ण आवाजात ड्रम वाजवता येतील अशी खोली परवडत होती, ही गोष्ट मला त्यांच्या प्रतिभेइतकीच निर्णायक वाटते.

दुसरी गोष्ट माणसांची. ४ जून १९७६ रोजी मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा कार्यक्रम झाला. श्रोते अगदी मोजके. त्यांत पुढे जॉय डिव्हिजनमध्ये वाजवणारे बर्नार्ड समनर आणि पीटर हूक होते, आणि दुसऱ्याच दिवशी हूकने पैसे उसने घेऊन बेस गिटार विकत घेतली. हा किस्सा इतक्या वेळा सांगितला गेलाय की त्यातला खरा मुद्दा निसटतो. तो कार्यक्रम कुठल्या कंपनीने भरवला नव्हता. हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली या दोन स्थानिक पोरांनी भरवला होता. त्यांच्याच बझकॉक्स या बँडने जानेवारी १९७७ मध्ये सुमारे ५०० पौंड उसने गोळा करून 'स्पायरल स्क्रॅच' नावाची चार गाण्यांची रेकॉर्ड स्वतः काढली. पहिल्या १००० प्रती. कुठलं गाणं कितव्या टेकमध्ये जमलं, हेही त्यांनी कव्हरवर छापलं होतं. रेकॉर्ड हे लंडनच्या कचेऱ्यांतलं गूढ नाही, तुम्हीही करू शकता, हा निरोप त्या छपाईत होता. त्या रेकॉर्डचा निर्माता होता मार्टिन हॅनेट, आणि दोन वर्षांनी 'अननोन प्लेझर्स'ला आकार दिला तोही त्यानेच. एका बँडने अंगावर घेतलेली जोखीम दुसऱ्या बँडच्या उपयोगी पडली. अल्बमवर नाव चौघांचंच येतं, पण तो असा हातांहातांतून पुढे आलेला असतो.

मधला एक प्रसंग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९७८ मध्ये जॉय डिव्हिजनने एक अख्खा अल्बम ध्वनिमुद्रित केला होता. मागे आरसीएसारख्या बड्या कंपनीचं नाव होतं. निर्मात्याने त्यावर सिंथेसायझर चढवला आणि ऐकल्यावर बँडला तो आपला वाटेना. त्यांचा व्यवस्थापक रॉब ग्रेटन याने १००० पौंड मोजून त्या टेप सोडवून घेतल्या. खिशात पैसे नसलेल्या पोरांनी स्वतःचा अल्बम बाहेर येऊ नये म्हणून पैसे भरले. या नकाराचं मोल फार मोठं आहे. पण तो नुसत्या हिमतीवर देता आला नाही. ग्रेटन पाठीशी होता आणि शहरात दुसरी वाट उघडत होती, म्हणून 'नाही' म्हणणं परवडलं.

ती वाट म्हणजे फॅक्टरी. ग्रॅनाडा टीव्हीचा निवेदक टोनी विल्सन आणि त्याचा मित्र ॲलन इरॅस्मस यांनी ती सुरू केली. कचेरी म्हणजे पॅलाटाइन रोडवरचा इरॅस्मसचा फ्लॅट. नफा निम्मा-निम्मा आणि संगीताची मालकी संगीतकारांची, असा त्यांचा करार. विल्सनने या अल्बमच्या १०,००० प्रती काढण्यासाठी स्वतःचे पैसे घातले. नव्या बँडसाठी हा आकडा धाडसाचा होता. निम्म्याच्या आसपास प्रती लवकर गेल्या आणि उरलेल्या बराच काळ पडून राहिल्या.

एप्रिल १९७९ मध्ये स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत ध्वनिमुद्रण झालं. हॅनेटने ड्रमर स्टीफन मॉरिसला ड्रमचे आवाज वेगवेगळे वाजवायला लावले, डिजिटल डिले वापरून त्यांच्याभोवती पोकळी निर्माण केली आणि लिफ्टची घरघर, फुटणाऱ्या काचेचा आवाजही मुद्रित करून घेतला. मंचावर हा बँड आक्रमक होता. अल्बममध्ये तो लांबून, रिकाम्या इमारतीतून ऐकू येतो. समनर आणि हूक यांना ते आवडलं नाही, आणि त्यांनी ते पुढे अनेकदा बोलूनही दाखवलं. इथे कुणी विचारेल की मग आरसीएच्या टेप परत घेऊन काय साधलं? इथेही निर्मात्याने त्यांचा आवाज बदललाच. फरक असा की हॅनेट त्यांच्याच शहरातला, त्यांच्याच वर्तुळातला होता. तो आवाज बदलत होता तो बाजारासाठी नव्हे, तर त्या गाण्यांत त्याला जे ऐकू आलं होतं त्यासाठी. कलावंताच्या मनात आहे तेच, तसंच उमटणं म्हणजे स्वातंत्र्य, ही कल्पना मला अपुरी वाटते. आपल्याशी कोणी वाद घालावा हे कलावंताला निवडता यायला हवं. आज एकट्याने लॅपटॉपवर अल्बम करणाऱ्या कितीतरी गुणी मुलांकडे सगळं असतं, हा वाद घालणारा माणूस मात्र नसतो. त्यांच्या गाण्यांत तो अभाव मला ऐकू येतो.

कव्हरचं सर्वांना ठाऊक आहेच. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या लाटांसारख्या रेषा, म्हणजे १९६७ मध्ये जॉसलिन बेल यांना सापडलेल्या पहिल्या पल्सारच्या स्पंदनांचा आलेख. पुढच्या बाजूला बँडचं नाव नाही, अल्बमचं नाव नाही. आज ते चित्र अल्बम न ऐकलेल्यांच्याही टी-शर्टवर दिसतं.

या सगळ्याला काळी बाजू आहे आणि ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही. कर्टिसला अल्बमच्या काही महिने आधी अपस्माराचं निदान झालं होतं. तरीही कार्यक्रम चालू राहिले, वाढले. १८ मे १९८० रोजी, अमेरिका दौऱ्याला निघायच्या आदल्या दिवशी, वयाच्या तेविसाव्या वर्षी त्याने जीवन संपवलं. मित्रांच्या मेळ्यात प्रेम असतं, पण आता थांबा असं सांगण्याची जबाबदारी कुणा एकाची नसते. पैशांचंही तसंच. फॅक्टरी १९९२ मध्ये दिवाळखोरीत गेली. एका मोठ्या कंपनीने ती विकत घेण्याचा विचार केला तेव्हा लक्षात आलं की विकायला गाण्यांची मालकीच नाही. करारानुसार ती बँडची होती. व्यवहार म्हणून हा ढिसाळपणा होता. तरीही मी त्याच्या बाजूने उभा राहीन, कारण दिवाळं निघालं ते लेबलचं, गाण्यांचं नव्हे.

आता मुंबईकडे येतो. १९८२च्या संपानंतर आपल्याही गिरण्या विझल्या. या गिरण्यांच्या सावलीत एकेकाळी अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक घडलं. त्याला चाळींची मैदानं होती, युनियन होती, घरून जेवून आलेला श्रोता होता. गिरण्या बंद पडल्यावर मात्र इथे जागा स्वस्त झाली नाही, सोन्याच्या भावाची झाली. मँचेस्टरच्या ओस गोदामांत बँड शिरले, परळच्या गिरण्यांत मॉल आणि टॉवर शिरले. लोअर परळच्या गिरणी आवारात ब्लूफ्रॉग २००७ मध्ये सुरू झालं. स्वतंत्र संगीताला त्याने उत्तम मंच दिला, आणि २०१६ मध्ये तेही मिटलं. त्याच वर्षी काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्डचं दुकान बंद झालं. ज्या रंगभवनात १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा संगीत महोत्सव भरायचा, तिथले रात्रीचे कार्यक्रम शांतता क्षेत्राच्या नियमांनी थांबले. इस्पितळाजवळ शांतता हवी हे मला मान्य आहे. पण त्या बदल्यात शहराने दुसरी जागा द्यायला हवी होती.

जागेची आता गरज काय, घरीच रेकॉर्ड होतं, असं सांगितलं जातं. रेकॉर्ड होतं, हे खरं. पण बँड म्हणजे चार माणसांनी आठवड्यामागून आठवडे एका खोलीत एकमेकांचं ऐकणं, आणि दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ड्रम वाजवता येत नाहीत. तासावर मिळणाऱ्या जॅम रूमचं भाडं वाढतं, तसा सराव कमी होतो. मग दोन महिन्यांनी एक सिंगल निघतं, अल्बम पुढे ढकलला जातो, आणि चाळीस मिनिटं एक विचार धरून ठेवण्याची ताकद कमवायची राहूनच जाते.

हे प्रश्न मराठी माणसाला नवे नाहीत, आणि त्यांचं एक उत्तर आपण स्वतःच दिलं आहे. १९७४ मध्ये 'आविष्कार' या नाट्यसंस्थेला दादरच्या छबिलदास शाळेचं सभागृह मिळालं आणि प्रायोगिक रंगभूमीची एक अख्खी पिढी तिथे उभी राहिली. त्या सभागृहात ना झगमग होती, ना सोयी. भाडं परवडत होतं, आणि प्रयोग पडला तरी पुढच्या प्रयोगाची तारीख मिळत होती. वादकांना मात्र आपण असं छबिलदास कधी दिलं नाही. आजही मुंबई-पुण्यातल्या कितीतरी शाळांच्या इमारती संध्याकाळनंतर कुलूपबंद असतात. त्यांतल्या काहींमध्ये एकेक खोली आवाजबंद करून नाममात्र भाड्याने बँडना देणं महापालिकांना सहज शक्य आहे. पुरस्कार आणि महोत्सव यांवर होणारा खर्च थोडा आवरून आधी एवढं करावं, अशी मागणी आपण संगीत ऐकणाऱ्यांनीच लावून धरायला हवी.