प्रूफ नाण्याचे सोवळे

नाणे फिरण्यासाठी पाडले जाते आणि हातोहाती झिजणे हाच त्याचा धर्म आहे असे मानले, तर कोणाच्याही बोटांचा स्पर्श होऊ नये म्हणूनच जपलेल्या नाण्याला मोल कुठून येते, हा प्रश्न संग्राहकाइतकाच तत्त्वचिंतकाचाही ठरतो. घोटून चकचकीत केलेल्या ठशांनी, तितक्याच निगुतीने तयार केलेल्या चकतीवर, एकाहून अधिक वेळा दाब देऊन उमटवलेल्या नाण्याला प्रूफ नाणे म्हणतात. त्याची पार्श्वभूमी नितळ असते, उठावाचा भाग धुकट पांढरा दिसतो, आणि मुंबईच्या टांकसाळीतील अलीकडच्या प्रूफ नाण्यांवर सालाखाली नेहमीच्या शंकरपाळ्याच्या आकाराच्या खुणेऐवजी ‘एम’ हे अक्षर आढळते. चलनातले नाणे घासूनपुसून प्रूफ म्हणून पुढे केले, तर तिरप्या उजेडात बारीक ओरखडे दिसतात आणि अक्षरांच्या बोथटलेल्या कडा त्याची चुगली करतात.

पनवेलसारख्या जुन्या बाजारपेठेच्या गावात लक्ष्मीपूजनाला चोपडीशेजारी राणीछाप रुपया मांडला जातो, तेव्हा मोलाचा हिशेब नेमका उलटा होतो. एक तोळा वजनाच्या, बारा भागांत अकरा भाग चांदी असलेल्या त्या रुपयाच्या अक्षरांत वर्षानुवर्षांचे कुंकू बसलेले असते. पारखी त्याला दोष मानून किंमत कमी करतो, घराला मात्र त्याच डागामुळे तो रुपया दुसऱ्या कोणत्याही रुपयासारखा वाटत नाही. (असे नाणे विकण्यापूर्वी चिंचेने उजळवू नये, त्याने दोन्ही मोले जातात.)

संग्राहकाचे हातमोजे आणि बंद डबी हेही एक प्रकारचे सोवळेच होय. पण पूजेतले सोवळे नैवेद्य दाखवून प्रसाद वाटला की संपते, प्रूफ नाण्याचे सोवळे कधीच सुटत नाही. भारत सरकारने 2002 मध्ये संत तुकारामांच्या स्मरणार्थ काढलेल्या नाण्यांत ही अडचण सर्वांत तीव्रतेने जाणवते. ज्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली आणि शिवरायांनी पाठवलेला नजराणा परत केला असे परंपरा सांगते, त्यांची प्रतिमा शंभर रुपयांच्या, निम्मी चांदी असलेल्या नाण्यावर आली आणि दर्शनी मूल्याहून अधिक किमतीला विकली गेली.

तरीही या संग्रहाला केवळ लोभ म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच वर्षीचे दोन रुपयांचे नाणे फेरीवाल्याच्या गल्ल्यात आणि वारकऱ्याच्या कनवटीला पोहोचले, तुकोबांच्या शिकवणीशी ते अधिक सुसंगत आहे; पण खोदकाम करणाऱ्या कारागिराने ठशात उतरवलेली रेषा त्यावर थोड्याच वर्षांत पुसट होते, आणि ती मुळात कशी होती याचा पुरावा न फिरलेल्या नाण्यापाशीच उरतो. अशा नाण्याचे मोल ठरवताना धातू आणि दुर्मीळता यांच्याबरोबर हे साक्षीचे कामही मोजले पाहिजे, आणि ती साक्ष इतरांना पाहू न देणाऱ्या संग्राहकाने नाण्याचा दुसरा धर्मही बुडवला असेच म्हणावे लागते.