जर्सीचा गुन्हा

दहावीची परीक्षा संपवून माझा भाचा सुट्टीत आमच्याकडे आला, तो एक वही घेऊनच. वहीत देशोदेशींच्या फुटबॉल संघांच्या जर्सी त्याने रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या होत्या. आजवरच्या सर्वांत सुंदर दहा जर्सी निवडायच्या आणि त्यांना क्रमांक द्यायचे, असा त्याचा बेत. म्हणाला, "मामू, तुम्ही नानांच्या दुकानात वाढलात. कापडातलं तुम्हाला कळतं. नंबर तुम्हीच द्या."

काम सोपे वाटले. रंग, नक्षी, काट पाहायची आणि गुण मांडायचे. पण त्याने केलेली कच्ची यादी पाहिली आणि मी अडखळलो. दहापैकी बहुतेक जर्सी जिंकलेल्या संघांच्या होत्या. मी विचारले, "बेटा, जिंकणाऱ्यांनाच चांगला शिंपी मिळतो काय?" तो हसला. मला मात्र तो प्रश्न काही केल्या सुटेना. आपण कपड्याला गुण देतो, की कपडा घालणाऱ्याच्या नशिबाला?

त्याच्या यादीत पश्चिम जर्मनीची 1990 ची जर्सी दुसरी होती. पांढऱ्या कापडावर छातीवरून जाणारे काळे, लाल आणि सोनेरी पट्टे, वळणे घेत गेलेले. 1989 च्या नोव्हेंबरात बर्लिनची भिंत कोसळली, 1990 च्या जुलैत याच नक्षीच्या जर्सीत जर्मनांनी रोममध्ये विश्वचषक उचलला आणि ऑक्टोबरात दोन्ही जर्मनी एक झाल्या. त्यामुळे हे पट्टे म्हणजे जणू एकीकरणाची पताका, असे आज सगळे मानतात. पण ही नक्षी 1990 ची नव्हे, 1988 ची. त्या वर्षीच्या युरोपीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात हॅम्बर्गला हीच जर्सी घालून जर्मनी आपल्याच मायभूमीत हॉलंडकडून 2-1 अशी हरली. भिंत तेव्हा उभी होती. धागा तोच, पट्टे तेच. 1988 साली तिला एकीकरणाची पताका कोणी म्हटले नाही. मग दोन वर्षांत कापडात काय बदलले?

उलट, डेन्मार्कची 1986 ची जर्सी पाहा. अर्धी एका रंगछटेची, अर्धी दुसऱ्या, त्यावर बारीक रेघा. मेक्सिकोतल्या विश्वचषकात डेन्मार्कने गटातले तिन्ही सामने जिंकले आणि पुढच्याच फेरीत स्पेनने त्यांना 5-1 असे धुतले. तरी ती जर्सी लोकांच्या मनातून गेली नाही. याचा अर्थ डोळ्याला स्वतःचा न्याय असतो. जय-पराजयाच्या गलक्यातही तो आपले म्हणणे सोडत नाही. फक्त त्याचा आवाज बारीक असतो.

या गलक्यात एका कपड्याला शिक्षा झाल्याची गोष्ट सर्वांना ठाऊक असायला हवी. ब्राझील म्हटले की पिवळा रंग डोळ्यांपुढे येतो. पण 1950 पर्यंत ब्राझीलचा संघ पांढऱ्या जर्सीत खेळे. त्याच पांढऱ्या रंगात त्यांनी 1919 आणि 1949 साली दक्षिण अमेरिकेचे अजिंक्यपद मिळवले होते. 16 जुलै 1950 रोजी रिओच्या माराकाना मैदानावर विश्वचषकाचा निर्णायक सामना झाला. ब्राझीलला बरोबरीही पुरली असती. उरुग्वेने तो 2-1 असा जिंकला. पांढरी जर्सी त्यानंतर लगेच अंगावरून उतरली नाही, मनातून मात्र उतरली. तिच्यात देश दिसत नाही, असे लोक म्हणू लागले. 1953 मध्ये एका वृत्तपत्राने नव्या जर्सीसाठी स्पर्धा जाहीर केली. अट एकच: राष्ट्रध्वजातले चारही रंग तीत हवेत. स्पर्धा जिंकली एकोणीस वर्षांच्या आल्दीर गार्सिया श्ली या तरुणाने. तो उरुग्वेच्या सीमेजवळचा आणि मनाने उरुग्वेच्याच संघाचा चाहता. ज्यांनी ब्राझीलला रडवले त्यांच्यावर जीव लावणाऱ्या मुलाच्या हातून ब्राझीलची सर्वांत लाडकी वस्तू घडली. कपड्यावरून माणसाची निष्ठा ठरवणाऱ्यांनी या गोष्टीपाशी जरा थांबावे.

पांढरी जर्सी तरी सुटली. 2019 मध्ये, पहिल्या अजिंक्यपदाला शंभर वर्षे झाली म्हणून, कोपा अमेरिकेच्या पहिल्या सामन्यात ब्राझीलने ती पुन्हा मानाने घातली आणि बोलिव्हियाला 3-0 ने हरवले. तिच्यावरचा डाग धुतला गेला. पण त्या दिवशी गोलापाशी उभा असलेला मोआसिर बार्बोसा? पराभवाचे खापर त्याच्यावर आणि बिगोडे, जुवेनाल या बचावपटूंवर फोडले गेले. तिघेही काळे. ब्राझीलच्या कायद्यात सर्वांत मोठी शिक्षा तीस वर्षांची, पण आपण पन्नास वर्षे भोगतो आहोत, असे बार्बोसा म्हाताऱ्या वयात म्हणाला. एप्रिल 2000 मध्ये तो वारला. कापडाला माफी मिळाली, माणसाला ती जिवंतपणी मिळाली नाही.

इथे मला अब्बांच्या दुकानातली एक गोष्ट आठवते. एका मुलाचे लग्न आदल्या आठवड्यात मोडले. त्याचे वडील नवी कोरी शेरवानी परत घेऊन आले. म्हणाले, "ही अपशकुनी आहे, घरात नको." अब्बांनी पैसे परत केले आणि शेरवानी खुंटीला टांगली. मोहल्ल्यात बातमी पसरलेली, त्यामुळे ती कोणी घेईना. शेवटी बाह्या थोड्या आत घेऊन तीच शेरवानी माझ्या थोरल्या भावाच्या निकाहात वापरली. भावाचा संसार सुखाचा झाला. कोणी म्हणे, "मास्टर, शेरवानी तर मुबारक निघाली!" अब्बा सुईत दोरा ओवत उत्तर द्यायचे, "मागं तिची चूक नव्हती, आता तिची करामत नाही."

त्या वेळी मला हे बोलणे कोरडे वाटले होते. आज वाटते, सगळा इन्साफ या एका वाक्यात आहे. कपडा निर्दोष आहे असे म्हणायचे, तर तो थोर आहे हेही म्हणता येणार नाही. आपल्याला पहिली गोष्ट पटते, दुसरी जड जाते. विजयाचा मान कापडावर ठेवायचा आणि पराभवाचा डागही त्याच्यावरच टाकायचा, यात मोठी सोय असते. माणसांचा नीट हिशेब करावा लागत नाही.

अर्जेंटिनाची निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जर्सी भाच्याने पहिली ठेवली होती, कारण तिच्यात 1978 आहे, 1986 आहे, 2022 आहे. 1978 साली अर्जेंटिनात लष्करी राजवट होती. ज्या मैदानावर अंतिम सामना झाला त्याच्यापासून जेमतेम मैल-दीड मैलावर नौदलाची यांत्रिकी शाळा, म्हणजे त्या राजवटीचा छळछावणीचा अड्डा होता. तिथून जिवंत सुटलेल्यांनी पुढे सांगितले, की मैदानावरचा जल्लोष त्यांना कोठडीत ऐकू येत असे. मग ती जर्सी यादीतून काढायची? मला तसे वाटत नाही. लष्कराचा गुन्हा पट्ट्यांवर ढकलला, तर गणवेशातले खरे गुन्हेगार त्या पट्ट्यांआड लपतील. पण तिला क्रमांक देताना त्या कोठड्यांविषयी गप्प राहणे, हेही इमानदारीचे नव्हे.

झाईरच्या 1974 च्या हिरव्या जर्सीवर बिबळ्या होता. भाच्याला तो फार आवडला. विश्वचषकात आलेला सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडचा तो पहिला संघ. युगोस्लाव्हियाने त्यांना 9-0 ने हरवले. ब्राझीलविरुद्ध म्वेपू इलुंगा भिंतीतून धावत सुटला आणि ब्राझीलची फ्री किक त्यानेच टोलवून दिली. जग कित्येक वर्षे त्याला अडाणी म्हणून हसले. पुढे खेळाडूंनी सांगितले, की त्यांचे पैसे मिळाले नव्हते आणि ब्राझीलकडून तीनपेक्षा जास्त गोलांनी हरलात तर घरी परतू नका, अशी हुकूमशहा मोबुटूच्या माणसांची धमकी होती. सामना 3-0 असा संपला. छातीवर बिबळ्या आणि छातीत भीती. आपण पाहिला तो बिबळ्या.

कपड्याला बोलते करता येते, हे खरे. 2022 च्या कतारमधल्या विश्वचषकासाठी डेन्मार्कच्या जर्सीवर कंपनीचे चिन्ह आणि संघाचे बोधचिन्ह कापडाच्याच रंगात विरवून टाकले होते. एक जर्सी तर काळी केली होती, तिथल्या बांधकामांवर मेलेल्या परदेशी मजुरांच्या शोकासाठी. डेन्मार्क एकही सामना न जिंकता परतला. निकालावरून मोल ठरवायचे, तर ती जर्सी कवडीमोल. पण तिने मेलेल्यांची आठवण ठेवली होती. आणि तिथेही बोलले ते कापड नव्हे. बोलली ती माणसांची नियत.

हा सगळा जर्सीचा खटाटोप मी मनावर का घेतला? कारण आपल्या रोजच्या जगण्यातही कपड्यावरून खटले चालतात. डोक्यावरची टोपी पाहून डब्यातला माणूस सरकून बसतो. कोणाच्या पदरावरून, कोणाच्या बुरख्यावरून, कोणाच्या मळक्या धोतरावरून त्याचा निवाडा होतो. आपणही हे करतो; समोरच्याच्या सुटाबुटावरून त्याची अक्कल ठरवणारे आपल्यातही कमी नाहीत. फुटबॉलच्या मैदानावर निदान एवढा न्याय आहे, की पंच कार्ड जर्सीला दाखवत नाही. ज्याने पाय घातला त्याचा क्रमांक पाहून एकट्याला दाखवतो. त्याच रंगाचे बाकीचे दहा जण गुन्हेगार ठरत नाहीत. जर्सी एवढेच सांगते, की हा कोणत्या बाजूने खेळतो आहे. तो कसा आहे, हे त्याच्या खेळावरूनच कळते.

रात्री भाच्याला मी हे सांगितले. तो म्हणाला, "मामू, मग नंबर द्यायचेच नाहीत का?" मी म्हटले, जरूर दे. सुंदर गोष्ट पाहून खूश होणे हा गुन्हा नव्हे. पण नंबर कापडाला दे, रंगाला दे, शिंप्याच्या हाताला दे. विजय-पराजय आणि पाप-पुण्य यांचा हिशेब माणसांच्या नावावर लिही.

त्याने बराच वेळ विचार केला. डेन्मार्कची 1986 ची जर्सी पाचव्यावरून पहिल्या क्रमांकावर आणली. अर्जेंटिना खाली सरकली. मग शेवटच्या पानावर एक साधी पांढरी जर्सी काढली, तिला निळी कॉलर दिली. तिला क्रमांक दिला नाही. खाली फक्त लिहिले, "बार्बोसा, 1950." मी ते नाव वाचले आणि वही त्याच्या हातात परत दिली.